नेव्ही ब्लूचे कपडे एकमेकांशी जुळवायचे कसे?

शाईपेन

काळ्याला रजा देऊन हळूहळू नेव्ही ब्लू घ्यायला सुरुवात केली. आम्हा दोघांच्या कपाटात मिळून या रंगाचं बरंच काही जमलंय: एक सुती ब्लेझर, एका सुटाचा कोट (त्याची पँट बाद झाली), दोन सुती पँटी, गडद जीन्स, टी-शर्ट, लोकरी स्वेटर, गुडघ्यापर्यंतचा एक ड्रेस आणि एक सरळ स्कर्ट. सुटा सुटा प्रत्येक कपडा छान दिसतो. एकत्र घातले की काहीतरी बिनसतं. वरचा निळा आणि खालचा निळा एकमेकांशी भांडतात, नाहीतर सगळं मिळून गणवेश वाटतो.

जाणकारांना विचारायचं ते असं. नेव्हीवर नेव्ही घालावा का, आणि घातला तर कसा? सुटाचा कोट ब्लेझर म्हणून खपेल का? काळे बूट, काळी पर्स याच्याबरोबर चालतात का? आणि सुती नेव्ही पाच-सहा धुण्यांत मळकट का दिसायला लागतो? ‘आवडेल ते घाला’ हे उत्तर माहीत आहे, ते सोडून सांगा.


टाकाधागा

भांडण का होतं तेवढं आधी बघू, बाकीचं त्यातूनच सुटेल.

दुकानात ‘नेव्ही’ या एकाच नावाखाली निदान चार रंग विकले जातात. एक हिरव्याकडे झुकलेला, एक जांभळ्याकडे झुकलेला, एक जवळजवळ काळा (याला मिडनाइट म्हणतात) आणि एक राखाडी कालवल्यासारखा धुरकट. नुसत्या डोळ्यांनी, एकटा कपडा बघून हे कळत नाही, शेजारी काहीतरी लागतं. दिवसा खिडकीपाशी, थेट ऊन येणार नाही अशा जागी पांढरा कागद ठेवा. त्यावर एका बाजूला पक्की काळी वस्तू, दुसऱ्या बाजूला भडक रॉयल ब्लू काहीतरी आणि मधे नेव्ही कपड्याची घडी. काळ्याच्या शेजारी निळेपणा जेमतेम जाणवला तर तो मिडनाइट. रॉयल ब्लूच्या शेजारी कपडा समुद्री हिरवट वाटला तर पहिला, वांग्याकडे गेला तर दुसरा. सगळे नेव्ही कपडे एकदा असे ओळीने लावून बघा, पंधरा मिनिटांचं काम आहे. कोण कोणाच्या गोतातला ते लगेच दिसेल.

दुसरी गोष्ट उजेडाची. सुती, लोकरी आणि पॉलिएस्टर कापडांना वेगवेगळ्या जातीचे रंग चढतात: सुतीला बहुधा रिअ‍ॅक्टिव्ह किंवा व्हॅट, लोकरीला अ‍ॅसिड, पॉलिएस्टरला डिस्पर्स. एवढा गडद निळा एकाच रंगातून सहसा येत नाही. निळ्यात थोडा लाल, थोडा नारिंगी किंवा पिवळा घालून तो खोल करतात आणि हे मिश्रण प्रत्येक कापडासाठी निराळं असतं. त्यामुळे दुकानाच्या दिव्याखाली जुळे वाटलेले दोन कपडे बाहेर आल्यावर परके दिसतात. याला मेटामेरिझम म्हणतात. कापडाच्या प्रयोगशाळेत म्हणूनच नमुना डी65 म्हणजे 6500 केल्विनच्या दिवसाच्या प्रकाशात बघतात आणि पुन्हा ए प्रकारच्या, 2856 केल्विनच्या पिवळ्या उजेडातही बघतात. काही नेव्ही पिवळ्या दिव्याखाली चक्क जांभळट होतात, तो या मिश्रणातल्या लालाचा प्रताप. तेव्हा कपडा घेताना तो दारापाशी नेऊन बघायला लाजू नका.

आता नेव्हीवर नेव्ही. माझं मत सरळ आहे: एकतर तोच रंग, नाहीतर ठळक वेगळा. ‘तोच’ म्हणजे एकाच थानातून कापलेला, एकत्रच धुतला जाणारा. ‘ठळक वेगळा’ म्हणजे दोन हात लांबून बघणाऱ्याला शंका राहू नये इतका. मिडनाइटच्या पँटवर मध्यम निळा स्वेटर चालतो. नेव्ही पँटवर अर्धी पायरी फिका नेव्ही शर्ट चालत नाही, कारण बघणाऱ्याला तो जुळवायला गेलेला आणि हुकलेला वाटतो.

पोत बदलला तर मात्र हा नियम बराच सैल होतो. गुळगुळीत कापडावरून उजेड एका दिशेने परततो, लव असलेल्या कापडात तो अडकतो, म्हणून तोच रंग फ्लॅनेलवर किंवा जाड विणीच्या स्वेटरवर खोल दिसतो. डोळ्याला आधी कापडातला फरक कळतो आणि मग तो रंगातला फरक माफ करतो. तुमचा लोकरी स्वेटर आणि सुती पँट ही जोडी म्हणूनच जमेल. सुती ब्लेझर आणि सुती पँट, दोन्ही ट्विल म्हणजे तिरप्या रेघांच्या विणीचे आणि रंगात बारीक फरक, ही सगळ्यात वाईट जोडी.

कॉर्डुरॉय आणि मखमल घेत असाल तर आणखी एक. या कापडांना लवेची दिशा असते. लव वरच्या दिशेने असेल तर रंग गडद दिसतो, खालच्या दिशेने असेल तर फिका आणि चमकदार. शिवताना एक भाग उलटा कापला गेला तर एकाच पँटचे दोन पाय दोन रंगांचे दिसतात. तयार कपडा घेतानाही हाताने लव फिरवून सगळे भाग एका दिशेचे आहेत ना बघा. नेव्हीवर हा दोष काळ्यापेक्षा जास्त उघडा पडतो.


काजबटण

सुटाच्या कोटाबद्दल लिहितो, बाकीचं वर आलंच आहे.

बहुतेक सुटांचे कोट ब्लेझर म्हणून खपत नाहीत आणि त्याचं कारण कापडातच आहे. सुटाचं कापड बहुधा तलम वर्स्टेड असतं, बारीक कातलेल्या लोकरीचं, किंचित चकाकणारं. बटणं कापडाच्याच रंगाची, खिसे आत शिवलेले, खांद्यात पॅडिंग. असा कोट जीन्सवर चढवला की ‘याची पँट कुठे गेली?’ एवढाच प्रश्न पडतो. ब्लेझरचं कापड खरखरीत हवं. सगळ्यात सोयीचं हॉपसॅक: दोन-दोन धागे जोडीने घेऊन टोपलीसारखी मोकळी वीण, चौरस मीटरला साधारण 250 ते 300 ग्रॅम. हवा खेळते आणि सुरकुती लवकर उतरते. वरून शिवलेले खिसे, मऊ खांदा, वेगळ्या रंगाची बटणं.

तुमच्या कोटाचं कापड फ्लॅनेल किंवा उघड विणीचं असेल तर मात्र तो वाचू शकतो. नुसती बटणं बदलून बघा. पुढची बटणं सहसा 20 मिलीमीटरची (शिंप्यांच्या मापात 32 लाइन) आणि बाहीवरची 15 मिलीमीटरची (24 लाइन) असतात. गडद तपकिरी शिंगाची किंवा तशा दिसणारी, चार भोकांची बटणं घ्या. शिवताना पुढच्या बटणाला तीन-चार मिलीमीटरची मान ठेवायची, म्हणजे दोऱ्याचा छोटा दांडा. नाहीतर बटण लावल्यावर कापड आत ओढलं जातं आणि सपाट गडद रंगावर तो खळगा लांबून दिसतो. जुनी बटणं काढल्यावर त्या जागी कापड जरा गडद दिसलं तर घाबरू नका, नवं बटण ते झाकतं. चकचकीत वर्स्टेड असेल तर नाद सोडा, बटणांनी काही होणार नाही.

पितळी बटणं लावू नका हे वेगळं सांगायला नको. तुम्हाला जो गणवेश वाटतो तो याच सगळ्यातून येतो: सोनेरी बटण, पांढरा शर्ट, करडी पँट, लाल टाय. यातली एखादीच गोष्ट ठेवायची. हा रंग गणवेशातूनच पुढे आला आहे, ब्रिटिश नौदलाने 1748 मध्ये अधिकाऱ्यांसाठी गडद निळा पोशाख ठरवला तेव्हापासून. त्यामुळे तो एका इशाऱ्यावर पुन्हा तिकडे वळतो. आडव्या पट्ट्यांचा टी-शर्ट, पांढरी पँट आणि नेव्ही ब्लेझर हीसुद्धा तीच गत, फक्त नावाड्याची. पट्ट्यांचा टी-शर्ट ठेवा आणि पँट खाकी किंवा ऑलिव्ह करा, काम झालं.

मापाचं थोडक्यात. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाशी संपायला हवी, बाहीतून शर्टाचा कफ एक ते दीड सेंटिमीटर दिसावा. बटण लावल्यावर पोटापाशी फुलीसारख्या सुरकुत्या पडल्या तर कोट घट्ट आहे. गडद रंगात झाकलं जातं हा भ्रम, सुरकुतीच्या कडेला चमक येते आणि ती दिसते.

अल्टरेशनला देणाऱ्यांसाठी, कारण हे कोणी सांगत नाही: वापरलेला सुती नेव्ही कपडा सैल करायला देऊ नका. शिवणीच्या आत दडलेलं कापड उजेडाला आणि घासाला लागलेलं नसतं, ते मूळ गडदच राहतं. कंबर दोन सेंटिमीटर सोडली की दोन सेंटिमीटरची गडद पट्टी बाहेर येते. पायाची दुमड उकलून लांबी वाढवली तर जुन्या घडीची फिकी रेघ आडवी राहते, ती इस्त्रीने जात नाही. घट्ट करणं, आखूड करणं, हे केव्हाही करा.


शाईपेन

कोट वर्स्टेडचा आणि चकचकीत निघाला, म्हणजे तो गेला. कागदाच्या परीक्षेत एक सुती पँट हिरवट निघाली आणि दुसरी जांभळट, तरीच एकीवर चांगला दिसणारा शर्ट दुसरीवर मरतो. काळ्या बुटांचं आणि बाकी रंगांचं कोणी सांगेल का? ड्रेस आणि स्कर्टबद्दलही लिहा, वर सगळं कोट-पँटवरच चाललंय.


रंगरेषा

काळ्याबरोबर नेव्ही चालत नाही हा जुना समज आहे. त्यात तथ्य इतकंच, की मिडनाइट आणि काळा शेजारी आले की अंधारात घाईने कपडे घातल्यासारखं दिसतं. नेव्ही जरा उजळ असेल, काळी वस्तू वेगळ्या पोताची असेल (चामडं, सिल्क, जाड विणकाम) आणि काळा दोन ठिकाणी आला असेल तर ती जोडी फार देखणी दिसते. दोन ठिकाणी म्हणजे बूट आणि पट्टा, किंवा पर्स आणि सँडल. काळा एकाच जागी आला की तो उरलेला वाटतो.

औपचारिक नेव्ही सुटाखाली काळे बूट केव्हाही बरोबर. रोजच्या वापरात गडद तपकिरी चामडं जास्त उबदार दिसतं, आणि वाइन रंगाचे बूट (ऑक्सब्लड) तर नेव्हीसाठीच बनल्यासारखे आहेत. फिका टॅन मिडनाइटखाली घालू नका. नजर आधी पायांवर जाते आणि तिथेच राहते. तो फिक्या नेव्हीखाली किंवा जीन्सखाली ठीक.

तुमच्या दोन पँटींचा घोळ असा सोडवा. हिरवट नेव्हीशी ऑलिव्ह, गंजाचा तांबूस, उंटाच्या रंगाचा कॅमल, मोहरी, साय-रंगाचा पांढरा हे चांगले बसतात. जांभळट नेव्हीशी वाइन, फिका गुलाबी, लव्हेंडर, थंड राखाडी आणि शुभ्र पांढरा. आकाशी शर्ट दोन्हीवर चालतो, म्हणून तर तो सगळ्यांच्या कपाटात असतो. ही वाटणी कायदा नाही, पण गोंधळ असेल तेव्हा इथून सुरुवात केली की चुकायला जागा कमी उरते.

शुभ्र पांढऱ्याबद्दल मी जरा हट्टी आहे. नेव्हीशेजारी तो इतका तीव्र दिसतो की कपड्याची कड तेवढी दिसते, माणूस दिसत नाही. साय-रंग किंवा मोतिया घेतला की तीच जोडी मवाळ होते. चेहरा, केस आणि कपडा यांच्यात मुळात फार अंतर नसेल तर गळ्यापाशी काहीतरी उजळ हवंच, नाहीतर सगळं एका सपाट पट्ट्यात जातं. कॉलर, स्कार्फ, मोठे चांदीचे डूल, काहीही. केस काळे आणि त्वचा उजळ असेल तर अंतर आपोआप आहे, तिथे गळ्यापर्यंत बंद नेव्हीसुद्धा खुलतो.

ड्रेसचं म्हणाल तर सपाट नेव्ही ड्रेसला काळ्या ड्रेसपेक्षा जास्त काम लागतं. काळ्याची बाह्यरेषा धारदार असते, तो आकारावर तरून जातो. नेव्ही जरा मऊ, त्यामुळे कापड मिळमिळीत असेल तर ड्रेस घरगुती वाटायला लागतो. पडणारं, वजनदार कापड घ्या: क्रेप, जाड जर्सी, सॅटिनच्या मागच्या बाजूसारखं मंद चमकीचं काहीतरी. कंबरेला पट्टा लावायचा तर ड्रेसच्याच कापडाचा नको, चामड्याचा.

सरळ स्कर्टखाली नेव्ही टाइट्स घालण्याचा मोह होतो. टाकाधागांनी सांगितलेली भानगड तिथे हमखास होते, कारण नायलॉनचा निळा आणि स्कर्टचा निळा कधीच जुळत नाहीत. 60 डेनियरच्या (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) किंवा त्याहून जाड काळ्या टाइट्स आणि काळे बूट घाला, पाय एक सलग रेघ होतात. 20 डेनियरच्या पातळ काळ्या टाइट्स मात्र नेव्हीखाली राखाडी आणि जुन्या वाटतात.

धातूंमध्ये सोनं-चांदी दोन्ही चालतात. अंगावर सोनेरी बटणं असतील तर मात्र दागिना सोनेरी नको, पुन्हा परेड सुरू.


टाकाधागा

रंगरेषा, दोन ठिकाणी काळा हे पटलं. पण मिडनाइटशेजारी काळा सरसकट बाद करू नका. मिडनाइटच्या सुटाला काळ्या सिल्कची लॅपल (छातीवर उलटी दुमडलेली कोटाची पट्टी) हा रात्रीच्या समारंभाचा जुना आणि पक्का प्रकार आहे, कारण कृत्रिम उजेडात मिडनाइट काळ्याहून अधिक काळा दिसतो आणि काळं कापड कधीकधी हिरवट-तपकिरी. तिथे लोकर मंद आणि सिल्क चमकदार, म्हणजे पोताचं अंतर आहेच.


रंगरेषा

मान्य, मी दिवसाच्या कपड्यांबद्दल बोलत होते.


भिंग

उजेडाचा विषय निघालाच आहे तर कॅमेऱ्याचं. ऑफिसचं निम्मं काम व्हिडिओ कॉलवर असतं, तिथे मिडनाइट पूर्ण काळा येतो आणि त्यातली शिवण, कॉलर, बटणं सगळं गडप होतं. मागची भिंत गडद असेल तर फक्त डोकं तरंगताना दिसतं. कॉलसाठी मध्यम नेव्ही आणि उघड वीण बरी. बारीक रेघांचं किंवा बारीक चौकटींचं नेव्ही-पांढरं कापड टाळा, स्क्रीनवर त्यात लाटा हलायला लागतात. रेघ निदान अर्धा सेंटिमीटर रुंद असेल तर हा त्रास सहसा होत नाही.

आणि ऑनलाइन खरेदी करताना फोटोवरून नेव्हीची छटा ठरवू नका. छायाचित्रकार तपशील दिसावा म्हणून गडद कपडे उजळवून घेतात, त्यामुळे प्रत्यक्षात कपडा बहुतेक वेळा फोटोपेक्षा काळा निघतो.


धोबीपछाड

मळकटपणाचं कोडं माझ्याकडे द्या. सगळे म्हणतात ‘रंग उडाला’. सुती नेव्हीत बऱ्याचदा रंग जागेवरच असतो, आणि बिघडलेला असतो तो पृष्ठभाग. धुताना कपडे एकमेकांवर घासतात, धाग्यातून सूक्ष्म तंतू उपटून उभे राहतात आणि ते उजेड पसरवतात. वर राखाडी पापुद्रा आल्यासारखं दिसतं. खात्री करायची तर कपड्याचा कोपरा पाण्याने ओला करा. ओला भाग पहिल्यासारखा गर्द दिसला आणि शिवणीच्या आतल्या कापडाशी जुळला तर रंग शाबूत आहे, त्रास तंतूंचा आहे. ओला करूनही आतल्यापेक्षा फिका राहिला तर रंग खरंच गेलाय.

तंतूंवर उपाय आहे. सेल्युलेज नावाचं एन्झाइम घातलेली डिटर्जंट मिळतात, डब्यावर घटकांत लिहिलेलं असतं. हे एन्झाइम सुती तंतूंची बाहेर आलेली टोकं खाऊन टाकतं. एका धुण्यात चमत्कार नाही, पण काही धुण्यांनी पृष्ठभाग साफ होतो. रोज रोज नको, कारण ते मूळ कापूसही थोडा खातच असतं. मर्सराइज्ड सुती कापड घेतलंत तर हा प्रश्न मुळातच कमी येतो, त्याचा धागा गुळगुळीत आणि भरलेला असतो.

धुण्याची पद्धत: उलटा करून, झिप आणि बटणं लावून, 30 अंशांच्या आत, छोट्या सायकलवर, स्पिन 600 च्या पुढे नाही. मशीन दाबून भरू नका आणि अगदी रिकामंही ठेवू नका. दाबून भरलं की कपडा एकाच घडीत अडकून राहतो, घडीच्या कडा ड्रमवर घासतात आणि उभ्या फिक्या रेघा उमटतात. त्या कायमच्या. अर्ध्याच्या थोडं वर भरणं बरोबर. टॉवेल आणि फिक्या रंगाचे फ्लीस बरोबर अजिबात नकोत, त्यांचे तंतू नेव्हीवर बसतात आणि सगळ्यांत जास्त तिथेच दिसतात. पावडरीपेक्षा गडद कपड्यांचं द्रव डिटर्जंट घ्या. पावडर थंड पाण्यात नीट विरघळली नाही तर पांढरे ओघळ राहतात. शिवाय साध्या डिटर्जंटमध्ये ऑप्टिकल ब्राइटनर असतात, ते अतिनील किरण शोषून निळसर पांढरा उजेड टाकतात. पांढऱ्या कपड्याला त्याने झळाळी येते, नेव्हीवर मात्र धुकट थर दिसतो.

मीठ किंवा व्हिनेगर घातल्याने रंग ‘पक्का’ होत नाही. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाचा कापसाशी रासायनिक बंध रंगवतानाच झालेला असतो, जो रंग बंधला नाही तो निघणारच. नवीन कपड्याचं पहिलं एक-दोन वेळा पाणी निळं येतं ते याच मोकळ्या रंगाचं. पहिली दोन-तीन धुणी वेगळी करा. पांढऱ्या किंवा साय-रंगाच्या पट्ट्या असलेला नेव्ही कपडा ओला असताना बादलीत गुंडाळून ठेवू नका, त्या मोकळ्या रंगाला पांढऱ्यावर जाऊन बसायला तेवढाच वेळ लागतो.

घेतानाच तपासायचं तर पांढरा रुमाल थोडा ओला करून शिवणीच्या आतल्या बाजूला दहा-बारा वेळा चोळा. हलका डाग चालेल. रुमाल ठळक निळा झाला तर फिक्या पर्सला, फिक्या सोफ्याला आणि पांढऱ्या बुटांच्या कडेला तो रंग लागणार हे नक्की. जीन्सला हा नियम लावू नका. नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत जात नाही, वरवर कड्यासारखी बसते आणि घासली की सुटते, डेनिमचा तो स्वभावच आहे. म्हणून जीन्स कधीही ‘कायम नेव्ही’ राहत नाही, ती पँटींच्या हिशेबात धरू नका.

वाळवणं सावलीत, उलटं. उन्हात तारेवर टाकलेल्या पँटची तारेवरची घडी आधी विटते. कपाट खिडकीसमोर असेल तर टांगलेल्या ब्लेझरचे खांदे विटतात, त्यावर पातळ सुती खोळ घाला.

इस्त्री उलट्या बाजूने. लोकरीवर ओलसर सुती कापड ठेवून दाबायचं आणि उचलायचं, घासत न्यायचं नाही. पँटच्या बैठकीवर आणि कोपरांवर चमक आली असेल तर ती दाबल्या गेलेल्या तंतूंची असते. एक भाग पांढरं व्हिनेगर आणि चार भाग पाणी यात कापड बुडवून घट्ट पिळा, चमकेवर ठेवा, वरून वाफेची इस्त्री न टेकवता धरा आणि ओलसर असतानाच मऊ ब्रशने तंतू उठवा. आधी आतल्या कोपऱ्यावर करून बघा. तंतूच झिजून गेले असतील तर चमक परत येईल, मग इलाज नाही. पॉलिएस्टर मिश्रणात चमक आली तर तंतू वितळून सपाट झालेले असतात, तीही जात नाही. पॉलिएस्टरला इस्त्रीच्या चकतीवरच्या दोन ठिपक्यांच्या खालीच इस्त्री, म्हणजे 150 अंशांच्या आत.

लिननबद्दल एक इशारा. लिननचा तंतू ताठ असतो, एकाच घडीवर पुन्हा पुन्हा दुमडला की तिथे तो तुटतो आणि नेव्हीवर पांढरट रेघ दिसते. लिनन पँटला धारदार क्रीज घालू नका आणि घडी प्रत्येक वेळी वेगळ्या जागी करा, किंवा टांगून ठेवा.


शाईपेन

ओल्या कोपऱ्याची परीक्षा केली. ब्लेझर पास झाला, म्हणजे तिथे तंतूंचीच भानगड आहे. हिरवट पँट मात्र ओली करूनही फिकीच. शंभर टक्के सुती आहे, शिवण चांगली आहे, टाकवत नाही. घरी पुन्हा रंगवता येईल का?


धोबीपछाड

येईल. फक्त थंड पाण्यात काम करणारा रिअ‍ॅक्टिव्ह रंग घ्या, ‘सगळ्या कापडांना चालतो’ असं लिहिलेली पुडी नको. तिच्यातला बराचसा रंग सुतीवर नुसता चिकटतो आणि पुढे धुण्यात जातो.

पँट कोरडी असताना वजन करा, साधारण 500 ग्रॅम भरेल. नेव्हीसारख्या गडद छटेला कापडाच्या वजनाच्या चार ते पाच टक्के रंग लागतो, म्हणजे 20 ते 25 ग्रॅम. बहुतेक जण इथे हात आखडतात आणि मग मध्यम निळी पँट मिळते. पाणी 10 लिटर, कोमट, सुमारे 40 अंश. साधं आयोडीन नसलेलं मीठ 600 ग्रॅम. धुण्याचा सोडा (सोडा अ‍ॅश) 100 ग्रॅम, खायचा सोडा नाही.

पँट आधी गरम पाण्यात डिटर्जंटने स्वच्छ धुवा, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको. तेलकट डाग राहिला तर तिथे रंग चढत नाही. ओली असतानाच रंगात टाकायची, कोरडी टाकली तर ठिपके पडतात. रंगाची पावडर वेगळ्या भांड्यात थोड्या पाण्यात लगदा करून मग विरघळवा. पावडर हाताळताना मास्क आणि हातमोजे घाला, ती श्वासात जाणं चांगलं नाही. मीठ आणि रंग मिसळलेल्या पाण्यात पँट टाकून पहिली 20 मिनिटं सतत हलवत राहा. मग पँट बाजूला काढा, सोडा गरम पाण्यात विरघळवून बादलीत घाला, ढवळा आणि पँट परत टाका. सोडा थेट कापडावर ओतला तर तिथे गडद डबका उमटतं. यानंतर एक तास, सुरुवातीला सतत आणि पुढे दर पाच मिनिटांनी हलवा. मीठ रंगाला कापडाकडे ढकलतं, सोड्याने पाणी अल्कधर्मी झालं की बंध होतो. म्हणून क्रम बदलू नका.

नंतर थंड पाण्यात खळबळवा, मग शक्य तितक्या गरम पाण्यात दोन-तीनदा, पाणी जवळजवळ स्वच्छ येईपर्यंत. हे टाळलं तर तो मोकळा रंग पुढे वर्षभर इतर कपड्यांना लागत राहतो.

पँट हिरवट आहे तर नेव्हीतली किंचित लालसर छटा निवडा, दोन्ही एकमेकांना मारून मधला नेव्ही येतो. निकालाला आणखी दोन गोष्टी आड येतील. जिथे विटून पांढुरके पट्टे पडलेत तिथे फरक थोडा शिल्लक राहील, रंग खालचं झाकत नाही, त्यावर मिसळतो.


काजबटण

आणि दुसरी मी सांगतो. तयार पँटची शिवण बहुधा पॉलिएस्टरच्या दोऱ्याची असते, तो हा रंग घेत नाही. सगळी शिवण आजच्या फिक्या निळ्यातच राहील आणि गडद कापडावर उठून दिसेल. आवडलं तर जीन्ससारखं चालून जाईल. नाही आवडलं तर वरून दिसणाऱ्या शिवणी तेवढ्या उसवून नव्या नेव्ही दोऱ्याने घालून घ्या: खिशांची तोंडं, कंबरपट्टी, पुढची पट्टी. आतल्या शिवणींना हात लावायची गरज नाही. झिपची कापडी पट्टीही पॉलिएस्टरचीच असते, पण ती पट्टीखाली झाकली जाते.